‘फोर!’ ऐकलं की छातीत धस्स होतं

“मॅडम, एकदा चेंडू लागला म्हणून माणूस इतकं घाबरतं का? की माझ्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय?”

विचारणाऱ्या काकू चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. भीतीवर उपचारांसाठी माझ्याकडे येणारे, कुत्रा चावलेले, स्कूटरवरून घसरलेले, लिफ्टमध्ये अडकलेले असे सगळे हाच प्रश्न थोड्याफार फरकाने विचारतात, म्हणून काकूंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकिकत लिहिते आहे.

फेब्रुवारीत काकू काकांबरोबर आल्या. सुरुवात काकांनीच केली. “रोज गोल्फ क्लबला चार चकरा मारणारी बाई. अमेरिकेहून आल्यापासून तिकडे फिरकली नाही. परवा ओढून नेली, तर ट्रॅकवर छत्री उघडून चालायला लागली. सकाळी सात वाजता! लोक वर बघायला लागले, पाऊस आला की काय म्हणून.”

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे गोल्फ क्लब म्हणजे गोल्फ नव्हे. त्र्यंबक रोडवरचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेरेंचं नाव त्याला दिलंय. तिथे रणजीचे सामने होतात, कडेने जॉगिंग ट्रॅक आहे. पण रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितलं की तो आणखी काही विचारत नाही.

काकूंना चेंडू लागला तो मात्र खऱ्याखुऱ्या गोल्फचा, अमेरिकेतल्या फिनिक्सजवळ, मुलीच्या घरी. घराची मागची बाजू गोल्फ कोर्सला लागून. नोव्हेंबर महिना. तिकडे थंड प्रदेशातली माणसं हिवाळ्यात ऊब शोधत येतात, त्यामुळे गोल्फची गर्दी तेव्हाच. काकू मागच्या अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. लांबून कोणीतरी ओरडलं, “फोर!”

गोल्फमध्ये चेंडू भलतीकडे गेला की खेळणाऱ्याने असं ओरडायचं असतं. ऐकणाऱ्याने वर न बघता डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं. काकूंना हे कोण सांगणार? त्यांना वाटलं, जावयांनी आत मॅच लावलीय आणि कोणीतरी चौकार मारला. कोण खेळतंय बघावं म्हणून त्यांनी दाराकडे मान वळवली आणि उजव्या कानामागे चेंडू बसला.

पुढचं काकूंनी जरा थांबून सांगितलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, मेथीची परात उलटी झाली. दोन मिनिटांनी बुटक्या भिंतीपलीकडे एक छोटी गाडी येऊन थांबली. टोपीवाले एक आजोबा डोकावले, हसून म्हणाले, इकडे एखादा बॉल दिसला का?

“आणि तुम्ही?”

“मी ‘नो’ म्हणाले.” एवढं बोलून त्यांनी पर्समधून रुमालाची गाठ काढली, सोडली आणि चेंडू माझ्या टेबलावर ठेवला. “पायाशीच पडला होता. पदराखाली घेतला.”

मी तो हातात घेतला. लिंबापेक्षा थोडा मोठा, दगडासारखा टणक, अंगभर बारीक खळगे. एका बाजूला हिरव्या मार्करने ओढलेली रेघ, खेळणाऱ्याने ओळखीसाठी केलेली. काकूंनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललाही होता: शेहेचाळीस ग्रॅम. गोल्फच्या नियमांत कमाल वजन ४५.९३ ग्रॅम आहे, म्हणजे काटा बरोबर होता. क्रिकेटचा सीझन बॉल याच्या तिपटीहून जड, १५५.९ ते १६३ ग्रॅम. पण गोल्फच्या काठीवरून सुटताना हा चिमुकला चेंडू हौशी माणसाच्या हातूनही ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. २०१८ मध्ये पॅरिसजवळच्या रायडर कप या गोल्फ स्पर्धेत कडेला उभ्या असलेल्या एका प्रेक्षक महिलेचा डोळा गेला, तो अशाच एका चेंडूने, आणि मारणारा जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी होता.

भीतीकडे वळण्याआधी मी डोक्याची चौकशी केली. लागल्यावर उलटी झाली का, शुद्ध हरपली का, नंतर डोकेदुखी वाढत गेली का? तिथे सीटी स्कॅन झाला होता, तो स्वच्छ होता. पण काकू रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. अशा गोळ्या चालू असतील, वय साठीच्या पुढे असेल, तर किरकोळ माराने कवटीच्या आत हळूहळू रक्त साचून त्रास कित्येक आठवड्यांनी दिसू शकतो. तेव्हा डोकेदुखी, झोपाळूपणा, तोल जाणं, बोलण्यात घोळ होणं याला ‘मनाला लागलंय’ म्हणून सोडून देऊ नये. मी त्यांना आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. सगळं ठीक निघालं, मग आम्ही बसलो.

आणि बसल्या बसल्या मी चूक केली. म्हणाले, “काकू, हे लाखात एखाद्याला होतं. झालं ते झालं, आता परत नाही होणार.”

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात उत्तर ठोकून देणाऱ्या मुलाकडे बघत असतील. “लेकीच्या अंगणात मी दीड महिन्यात सतरा चेंडू गोळा केले. कोणत्या लाखात?”

बरोबर होतं त्यांचं. बहुतेक हौशी खेळाडू उजव्या हाताचे आणि त्यांचा चुकलेला फटका सहसा उजवीकडे वळत जातो, त्याला स्लाइस म्हणतात. मुलीचं घर नेमकं त्याच अंगाला. तिथे भीती वाटणं हा आजार नाही, हिशोब आहे.

काका वकील. जिल्हा न्यायालयात उभा जन्म गेलेला. त्यांनी पुढच्या वेळी दोन जुने इंग्लिश खटले सांगितले, अगदी युक्तिवादाच्या थाटात. पहिला १९२२ चा: सँडविच गावाजवळच्या गोल्फ कोर्सवरून रस्त्यावर आलेला चेंडू टॅक्सीच्या काचेवर बसला आणि चालकाचा डोळा गेला. तिथल्या तेराव्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, चेंडू रस्त्यावर येणं नेहमीचंच होतं, क्लब जबाबदार ठरला. दुसरा १९५१ चा: मँचेस्टरमध्ये आपल्या घराबाहेर उभ्या असलेल्या बाईंना क्रिकेटचा चेंडू लागला. पण तीस वर्षांत चेंडू तिथवर गेला होता सहाएक वेळा. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, क्लबला दोषी धरलं नाही.

“म्हणजे, चेंडू किती वेळा येतो हे बघायचं,” काका म्हणाले.

मी मनात म्हटलं, माझा सल्ला याहून वेगळा नाही. फक्त मी तो दुसऱ्या भेटीत ऐकला, पहिल्या भेटीत द्यायला हवा होता. मार बसलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणण्याआधी मार अजून चालू आहे का हे विचारावं लागतं. नवऱ्याच्या हाताला घाबरणाऱ्या बाईला कोणी भीती घालवण्याचे व्यायाम देत नाही. चेंडूचंही तेच.

मग कामाची वाटणी झाली. फिनिक्सच्या अंगणातली भीती कमी करणं माझं काम नव्हतं. तिथे जाळी बसवायची, सकाळी मागे बसायचं नाही, ‘फोर’ ऐकलं की वाकायचं. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरचं मात्र मोजायचं ठरलं. काकांनी आठ दिवस पहाटे वही घेऊन चकरा मारल्या. ट्रॅकवर आलेले चेंडू: चार, चारही टेनिसचे. नेटमध्ये सीझन बॉलचा सराव चालतो त्या बाजूला जरा जपून चालायचं, एवढंच. वही बघून काकू म्हणाल्या, “मग मला तिथे घाम का फुटतो?”

याचं उत्तर मला त्यांच्याबरोबर ट्रॅकवर गेल्यावर सापडलं. आम्ही बाकावर बसलो होतो. चेंडू कुठेच जवळ नव्हता. काकू चक्क भाजीचे भाव सांगत होत्या. तेवढ्यात मधल्या पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली, “फोऽऽर!” काकूंचे दोन्ही खांदे कानापर्यंत गेले, हातातली पिशवी छातीशी आली, चेहरा पांढराफटक.

काकू चेंडूला घाबरत नव्हत्या. शब्दाला घाबरत होत्या.

मेंदू मार लक्षात ठेवतो तेव्हा आजूबाजूचं जे हाताला लागेल ते सोबत बांधून ठेवतो, आवाज, वास, उजेड. काकूंच्या गाठोड्यात ‘फोर’ गेला होता. मेथीसुद्धा गेली असेल असं मला वाटत होतं, पण मेथी त्या आनंदाने खात होत्या. असं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढचा भाग पद्धतशीर आणि कंटाळवाणा, म्हणून थोडक्यात. अस्वस्थतेला शून्य ते शंभर मार्क द्यायचे. ही मोजपट्टी जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाची, भीतीला पायरी पायरीने सामोरं जाण्याची पद्धतही त्यांनीच रुळवली. कमी मार्कांच्या गोष्टीपासून सुरुवात करायची आणि मार्क निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. पळ काढला की मेंदूला कळतं, पळालो म्हणून वाचलो. छत्रीचंही तसंच. छत्री होती म्हणून काही झालं नाही असं मन धरून बसतं, म्हणून ती हळूहळू घरी ठेवायची.

घरात काकांनी ‘फोर’ म्हणायचं ठरलं. पहिल्या दिवशी पस्तीस मार्क. चौथ्या दिवशी काका चहा गाळता गाळता “फोर!” म्हणाले तर काकूंनी “साखर?” म्हणून विचारलं. मग आवाज मोठा करून टीव्हीवर मॅच, मग भर दुपारी रिकाम्या मैदानाच्या बाकावर, मग संध्याकाळी पोरांच्या गर्दीत. तिथे पहिल्यांदा ऐंशी मार्क आले, काकू उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि पंचवीस मिनिटं बसल्या, बाकाच्या कडेला घट्ट धरून. ऐंशीचे अडतीस झाले. “चाळीस धरू का?” मी विचारलं. “अडतीस,” काकू म्हणाल्या. गणिताच्या बाई.

तरी रात्रीची झोप काही लागेना. कुठेतरी पाणी मुरत होतं. चौथ्या भेटीत ते बाहेर आलं. तोवर त्या मला ‘तू’ म्हणायला लागल्या होत्या.

“तुला खरं सांगू? लागलं त्याचं इतकं नाही गं. मी दोन तास कोणाला सांगितलंच नाही. परात उचलली, मेथी धुतली, भाजी टाकली. जेवताना लेकीला रक्त दिसलं. हॉस्पिटलला जाताना गाडीत जावई म्हणाले, ‘आई, मी सांगितलं होतं ना, सकाळी मागे बसू नका म्हणून.’ झालं. एवढंच म्हणाले. पण मला वाटलं, मी म्हणजे या घरातला आणखी एक खर्च.”

त्या रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि गप्प बसले.

लागलेल्याला दुखावतं ते पुष्कळदा नंतरचं वाक्य. ‘तू तिथे कशाला गेलीस’, ‘लक्ष कुठे होतं’. घरचे हे घाबरून बोलतात, कळतं मला. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र ते आरोपपत्र म्हणून शिरतं. आणि काकूंना तर दोन दिशांनी लागलं होतं. ज्याने मारलं त्याने चेंडू मागितला आणि ज्यांनी विचारायचं त्यांनी चूक काढली. ‘लागलं का?’ हे दोन शब्द त्या दिवशी वेळेवर कोणी उच्चारलेच नाहीत.

मी त्यांना एकच सुचवलं, हे लेकीला सांगा. तीन दिवस टाळून त्यांनी फोन केला. लेक रडली. जावयांनी माफी वगैरे मागितली नाही. आठवड्याने व्हॉट्सॲपवर फोटो आला: मागच्या भिंतीवर उंच जाळी, तिच्या आतल्या बाजूला सावलीत एक खुर्ची. काकूंनी मला तो मोठा करून दाखवला. “खुर्चीवर उशी ठेवलीय बघ,” म्हणाल्या.

मार्चअखेर आमची शेवटची भेट ट्रॅकवरच झाली. छत्री नव्हती. तिसऱ्या चकरेला एक टेनिस बॉल टप्पे घेत आला आणि काकूंच्या चपलेपाशी थांबला. त्या जागच्या जागी थिजल्या. मागून दहा-अकरा वर्षांचा पोरगा धावत आला.

“आजी, बॉल द्या ना!”

काकूंनी वाकून चेंडू उचलला, पण दिला नाही.

“आधी काय विचारायचं?”

पोरगा गोंधळला. “प्लीज?”

“नाही. लागलं का, असं विचारायचं.”

“लागलं का, आजी?”

“नाही लागलं,” काकू म्हणाल्या आणि हात मागे नेऊन जोरात चेंडू फेकला. तो जेमतेम चार हातांवर पडला. पोरं खिदळली. काकूंनी माझ्याकडे वळून सांगितलं, “वीस. फार तर बावीस.”