थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दिव्यांग प्रमाणपत्रावर 30 टक्केच दिले, अनुदानाचा अर्जही नामंजूर झाला. दाद कुठे मागायची?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, बोर्डाने 30 टक्के लिहिले आणि त्यावरून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नामंजूर झाला. माझ्या मुलीलाही थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार आहे. ती अकरा वर्षांची, आम्ही सिडकोत राहतो. आमच्याही हातात पहिल्यांदा अनुदानाला लागणाऱ्या 40 च्या आतलाच आकडा पडला होता. अपील केलं, फेरतपासणी झाली, टक्के वाढले. तेव्हा 30 वर सगळं संपलं असं समजू नका.

तुमच्यापुढे दोन वेगळे निर्णय आहेत. टक्के ठरवले डॉक्टरांच्या बोर्डाने, अनुदान नाकारलं तहसीलमधल्या समितीने. तहसीलमध्ये कितीही खेटे घातले तरी तिथे कुणाला टक्के बदलता येत नाहीत. यात माझे चार महिने वाया गेले, तुमचे जाऊ नयेत. आधी टक्क्यांचं बघा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार नावानिशी आहेत. त्यामुळे ‘मुलगा तर चालतो-फिरतो, दिव्यांग कसला’ असं कुणी म्हणालं तर ऐकून गप्प बसू नका. याच कायद्याच्या कलम 59 प्रमाणे प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं. अपील कोणत्या अधिकाऱ्याकडे आणि किती दिवसांत करायचं, हे प्रमाणपत्र दिलेल्या कार्यालयाला लेखी अर्ज करून विचारा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर आवक-शिक्का घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. मुदत निघून गेली तर खरं दुखणंही ऐकलं जात नाही.

आता मुद्द्याचं. आमचे टक्के कमी का आले, ते मला फार उशिरा कळलं. तपासणीच्या आदल्याच दिवशी लेकीला रक्त चढवलं होतं. गालावर लाली, चालणं तरतरीत. डॉक्टरांनी विचारलं, शाळेत जाते का? मी म्हटलं, हो, जाते की. खोटं नव्हतं ते. पण रक्त चढवायच्या आधीच्या आठवड्यात ती दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत एका दमात चढू शकत नाही, मधल्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसते, हे मी सांगितलंच नाही. आई म्हणून लेकीचं चांगलंच सांगायची सवय असते ना. बोर्डापुढे मूल पाच-दहा मिनिटं असतं. उरलेलं वर्ष त्यांना कागदावरूनच दिसणार.

म्हणून मी एक शंभर पानी वही केली. तारीख, रक्त चढवण्याआधीचं एचबी (हिमोग्लोबिन), किती पिशव्या, ताप किंवा रिअ‍ॅक्शन आली का, शाळा किती दिवस बुडाली. रक्तपेढीच्या पावत्या त्याच तारखांना चिकटवल्या. फेरिटिनचे, म्हणजे अंगात साठलेलं लोह दाखवणाऱ्या तपासणीचे, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, कारण चढवलेल्या रक्तातून येणारं लोह हृदयात आणि लिव्हरमध्ये साठतं आणि पुढचं नुकसान तिथूनच होतं. लोह काढायच्या गोळ्या किंवा रात्रभर पोटाला लावायचा पंप चालू असेल तर त्याचं प्रिस्क्रिप्शन जोडा. हृदयाची टूडी इको, उंची-वजनाची नोंद, मुख्याध्यापकांकडून गैरहजेरीचा दाखला. आणि सगळ्यात जड कागद म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांचं सविस्तर पत्र. ‘थॅलेसेमियाचा रुग्ण आहे’ एवढं एका ओळीचं नको. वर्षात किती वेळा रक्त, काय गुंतागुंत, रोजच्या जगण्यात काय अडतं, हे त्यात यायला हवं. डॉक्टर घाईत असतात, तरी थांबून लिहून घ्या.

सोबत माहिती अधिकारात तुमच्या मुलाच्या मूल्यमापनाची प्रत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कशाचे किती गुण धरले आणि कोणता रिपोर्ट पाहिलाच नाही, ते त्यातून कळतं. अपिलात तेवढ्यावरच बोट ठेवा. टक्के मोजायची केंद्राची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं मार्च 2024 मध्ये सुधारली आहेत, तुमचं मोजमाप कोणत्या तत्त्वांनी झालं तेही विचारा. या उत्तराची वाट बघत अपिलाची मुदत मात्र घालवू नका, अपील आधी टाका, प्रत नंतर जोडता येते.

टक्के 40 किंवा वर गेले की तहसीलला नवा अर्ज. दिव्यांगांसाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला आधी नीट वाचून घ्या. दिव्यांगांची रक्कम महिन्याला 1500 वरून 2500 करायचा निर्णय 2025 मध्ये झाला. पंधराशे काय आणि अडीच हजार काय, आजारापुढे थोडेच, पण आमच्याकडे त्यात गोळ्या आणि दवाखान्याच्या रिक्षाचं भागतं.

तपासणीसाठी मुंबईला जावं लागत असेल तर थॅलेसेमियाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या स्लीपरला 75 टक्के सवलत असते. तिचा फॉर्म दवाखान्यातले डॉक्टर भरून देतात. टक्क्यांचा निकाल लागेपर्यंत ती तरी घ्या.

फेरतपासणीची तारीख शक्यतो रक्त चढवायच्या आधीच्या आठवड्यात मागा. आणि शाळेचं विचारलं तर ‘जातो’ म्हणून थांबू नका, कोणत्या आठवड्यात जाऊ शकत नाही तेही सांगा.