शुगर शब्द आपला का इंग्रजांचा?

प्रश्न : आमच्या गावाशेजारच्या कारखान्याच्या बोर्डावर शुगर लिहिलंय आणि डॉक्टर म्हणतात आईला शुगर आहे. मुलगा म्हणतो शुगर हा शब्द मुळात संस्कृत आहे, खरं का? आणि स्पेलिंग एस-यू असताना उच्चार शु का?
– एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : मुलगा अगदी बरोबर बोलतोय ताई. मूळ शब्द शर्करा, आणि गंमत म्हणजे त्याचा जुना अर्थ गोड वगैरे नाहीच, बारीक खडे, वाळूची खर असा आहे. रस आटवून जे कण निघाले ते खड्यांसारखे दिसले म्हणून त्यांनाही शर्करा म्हणायला लागले. आयुर्वेदात तर लघवीतून बारीक खडे जातात त्यालाही शर्कराच म्हणतात! आपण खडीसाखर म्हणतो आणि रस्त्यावर टाकतात ती पण खडीच, मला तर दर वेळी हेच आठवतं.

पुढं प्राकृतात सक्कर झालं, त्यातनं आपली साखर. तिकडं फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग लॅटिन, जुनी फ्रेंच असं करत करत इंग्रजीत शुगर. म्हणजे माल जसा ज्याच्या हातनं गेला तसा शब्द पण गेला. शिकंदराचा सरदार निआर्कस इकडं आला तेव्हा त्याच्याजवळ साखरेला शब्दच नव्हता, हिंदुस्थानात मधमाशीशिवाय मध देणारे बोरू आहेत असं त्यानं लिहून ठेवलं. आपला ऊस हो तो! कँडी पण आपलीच, खंड म्हणजे खांडसाखर त्यावरनं. आणि १८७९ साली सापडलेलं सॅकरिन, म्हणजे साखरेऐवजी वापरतात ते गोड रसायन, ज्यात साखरेचा कणसुद्धा नाही, त्याचं नाव पण फिरून शर्करेवरनंच आलंय.

उच्चाराचं थोडक्यात, आधी स्यु असा होता तो घासून शु झाला, स्पेलिंग जुनंच राहिलं, शुअर शब्दाचं पण तसंच.

आता आईंचं. शुगर आहे म्हणजे ब्लड शुगर वाढलीय याचं छोटं रूप, पण ती शुगर म्हणजे ग्लुकोज, कारखान्यातल्या पोत्यातली साखर म्हणजे सुक्रोज. रसायनशास्त्रात शुगर हे सगळ्या गटाचंच नाव, दुधातली लॅक्टोज पण त्यातच येते. म्हणून चहात साखर घालत नाही, मग शुगर कशी वाढली असं जे घरोघरी विचारतात ना त्यांनी हे नीट समजून घ्यावं, भात भाकरीचं पण पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. मला विचाराल तर मधुमेह हाच शब्द बरा, मेह म्हणजे लघवीचा विकार, मधासारखी गोड लघवी म्हणून मधुमेह, त्याचं डॉक्टरी नाव डायबेटिस मेलिटस, त्यातल्या मेलिटसचा अर्थ पण मधासारखं गोडच.

आणि एक, गुळाला इंग्रजीत जॅगरी म्हणतात तो शब्द पोर्तुगीजांनी मलबारच्या किनाऱ्यावरनं उचलला, त्याचं मूळ पण शर्कराच. हल्ली आपल्याच गुऱ्हाळांच्या पुड्यांवर नुसतं जॅगरी पावडर छापलेलं दिसतं. गुऱ्हाळवाल्यांनो, गूळ पण लिहा की त्यावर, ठळक अक्षरात.