‘मॅडम, पोरीला शंभरात आठ?’ शाळेतल्या रिसर्च टेस्टनंतर घाबरलेले आईबाबा

शाळेत कुठलीतरी रिसर्चवाली टीम येते, मुलांना एकेक करून बाजूच्या खोलीत बसवते, वाचायला देते, चित्रं दाखवते आणि जाते. मग काही आठवड्यांनी घरी एक कागद येतो आणि आईवडलांची झोप उडते. मी मुलांच्या वाचन-लेखनाच्या अडचणी तपासते, माझ्याकडे असे फोन हल्ली वाढलेत, म्हणून एक केस लिहितेय. नाव बदललंय, काही तपशीलही बदललेत, आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय.

गार्गी, वय नऊ, चौथी, सेमी इंग्लिश. २०२३ चा जुलै. आई पतसंस्थेत, वडलांचं हार्डवेअरचं दुकान. वर्गशिक्षिकेने रिझल्टच्या कागदाचा फोटो सरळ आईच्या व्हॉट्सॅपवर टाकला, सोबत एक शब्द नाही. (हे मला आजही पटत नाही, असा कागद समोर बसवून समजावून द्यायचा असतो.) त्यावर लिहिलेलं, वाचन, ८ पर्सेंटाइल. वडील येऊन बसले ते थेट मुद्द्यावर, "मॅडम, दुकानात बसली तर खिळ्यांचा हिशोब तोंडी करते ही पोर, आणि शंभरात आठ मार्क? मंद आहे का ती, काय ते स्पष्ट सांगा."

तर पहिलं हे, की पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. तिच्या वयाची शंभर मुलं त्या एका टेस्टमध्ये कमीपासून जास्तीपर्यंत ओळीत लावली तर साधारण आठ जण तिच्या मागे किंवा बरोबरीला असतील, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती टेस्ट बुद्धीची नव्हतीच, न-शब्द वाचायची होती. म्हणजे ‘टमिरू’, ‘गोळपे’ असले अर्थ नसलेले शब्द. आईला हे फारच विचित्र वाटलं, म्हणे असले शब्द पोरीला कशाला वाचायला द्यायचे? पण त्यातच खरी गंमत आहे, ओळखीचा शब्द मूल नुसत्या आकारावरून किंवा आठवणीने सांगू शकतं, ‘टमिरू’ला मात्र अक्षर बघून आवाज काढावाच लागतो, तिथे पाठांतर चालत नाही.

आणि गार्गीचं सगळं पाठांतरावर चाललेलं! आई रात्री धडा दोनदा वाचून दाखवायची, सकाळी पोरगी पुस्तक उघडून घडाघडा "वाचायची". मी तिला तिसरीच्या लेव्हलचा, तिने कधी न बघितलेला उतारा दिला तर ‘पर्वत’चं ‘परवत’, ‘दुसऱ्या’चं ‘दुसरया’, ‘राष्ट्र’ला सरळ थांबली आणि माझ्याकडे बघत बसली. आपल्या मराठीत ‘र’ किती रूपं घेतो बघा, सूर्यातला वर जातो, प्रकाशातला खाली तिरका, राष्ट्रातला वेगळाच, दुसऱ्यातला अजून वेगळा. नंतर मी तोंडी विचारलं, ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरतं? ‘मळ’ सांगायला तिला खूप वेळ लागला. ‘पाटील’मधून ‘टी’ काढायला सांगितल्यावर तर म्हणाली, "काढला." पण गोष्ट ऐकवली की प्रश्नांची उत्तरं टकाटक, त्यातही दोन माझ्या डोक्यात नव्हती अशी.

इथे वडील म्हणाले, लॉकडाऊनमध्ये पहिली गेली हो तिची, मोबाईलवरच झाली, सगळीच पोरं मागे आहेत. मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि नीट काम करणारे रिसर्चवाले पण हाच प्रश्न आधी विचारतात. शिकवलंच गेलं नाही म्हणून येत नाही, की शिकवूनही येत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यात आपल्याकडच्या लिप्यांना मुळातच वेळ लागतो, बंगलोरला सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर काम केलंय, त्यात दिसलं की अक्षरांची संख्याच एवढी मोठी असते की मुलं चौथीपर्यंत आणि त्यापुढेही अक्षरं शिकतच असतात. तेव्हा दुसरीतल्या पोराचं जोडाक्षर अडलं म्हणून लगेच धावत येऊ नका. पण गार्गीची तुलना तिच्याच शाळेतल्या, तिच्याच सारखी मोबाईलवर पहिली केलेल्या मुलांशी झाली होती, आणि त्यांच्यातही ती मागे होती.

"पण शाळेने कधी तक्रार केली नाही," आई म्हणाली. कशी करणार? शांत मुलगी, अक्षर वळणदार, फळ्यावरचं उतरवून घेते, कुणाला त्रास नाही. अमेरिकेत सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० साली कनेक्टिकटमधल्या मुलांचा अभ्यास छापला, त्यात शाळांनी वाचन-अडचण म्हणून निवडलेल्यांत मुलगे कितीतरी जास्त होते, पण संशोधकांनी स्वतः सगळ्यांच्या टेस्ट घेतल्या तेव्हा मुलगे आणि मुली जवळपास सारखेच निघाले. दंगा करणारा पोरगा शिक्षकांच्या नजरेत येतो, शेवटच्या बाकावर गप्प बसलेली पोरगी येत नाही. माझ्याकडे आजही आठ-दहा मुलग्यांमागे एखादी मुलगी येते, आणि ती पण उशिरा.

आजीचा वेगळाच राग होता, आमच्या पोरीवर प्रयोग करायला परवानगी दिलीच कोणी म्हणून. आईनेच दिली होती, कागद न वाचता सही केलेली. तर नियम असा की आईवडलांच्या सहीशिवाय अशी टेस्ट घेता येत नाही, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतःलाही तोंडी विचारावं लागतं, त्याने नाही म्हटलं तर विषय संपला. मधेच बाहेर पडता येतं. आणि आजींना मी हेही सांगितलं की अशी शेकडो मुलं बसली म्हणूनच आज मराठी वाचन मोजायला काहीतरी आहे. नाहीतर वर्षानुवर्षं इंग्रजी टेस्टवरून मराठी मुलांचं ठरवत होतो आपण! मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या टीमने ‘डाली’ नावाची तपासणी तयार केली, २०१५ मध्ये आली, हिंदी मराठी कन्नड इंग्रजी चारही भाषांत.

तरीपण रिसर्चमधला आकडा म्हणजे निदान नाही, हे मी तिघांनाही परत परत सांगितलं. रिसर्चवाल्यांना गटाबद्दल काहीतरी शोधायचं असतं, एका सकाळी एका मुलीला ताप असेल, लाज वाटली असेल, भूक लागली असेल, हजार कारणं. एका मुलीबद्दल बोलायचं तर तिची स्वतंत्र तपासणी हवी. आम्ही आधी डोळे आणि कान तपासून घेतले (हे टाळू नका, एकदा तर नुसता चष्मा निघालाय), मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणित, तीनचार बैठकांत. बुद्ध्यांक अगदी व्यवस्थित आला, तोंडी भाग तर सरासरीच्या वर. वडील तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

पण मी शिक्का लगेच मारला नाही. आधी काही महिने नीट शिकवून बघायचं आणि तरी अडतंय का ते बघायचं, ही पद्धत आहे आणि लॉकडाऊनच्या बॅचला तर ती हवीच. रोज वीस मिनिटं, जास्त नाही. शब्द तोंडी फोडायचे, टाळी वाजवून, मग तेच पाटीवर मोठं लिहून बोट फिरवत म्हणायचे, एका आठवड्यात जोडाक्षरांची एकच जात. रोजची दोन पानं शुद्धलेखन बंद केली, उतरवून काढण्यात तिचा हात चालायचा आणि डोकं झोपलेलं असायचं. परिसर अभ्यास मात्र आईने वाचूनच दाखवायचा, कारण वाचता येत नाही म्हणून नदी-डोंगराची माहिती का अडवायची? मधल्या काळात वडलांनी कुठल्यातरी क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून मेंदू सांगणारी टेस्ट करून आणली, चकचकीत फाइल होती, त्याला शास्त्रीय आधार काही नाही एवढंच सांगून मी ती परत दिली.

सात महिन्यांनी चुका निम्म्यावर आल्या, वेग मात्र तसाच कासवाचा. तेव्हा मी डिस्लेक्सिया हा शब्द उच्चारला, म्हणजे बुद्धी चांगली, नीट शिकवलेलंही, तरी वाचन अडतं. वडील म्हणाले, आमच्या वेळी नव्हतं हे असलं. होतं की! १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या पर्सीबद्दल लिहिलंय, त्याचे मास्तर म्हणायचे की सगळं तोंडी शिकवलं तर शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा हाच ठरेल. तुमच्या वेळी अशी मुलं सातवीत शाळा सोडून दुकानात बसायची, एवढाच फरक. यावर ते एकदम हसले, म्हणाले, "मॅडम, मीच तो."

मग प्रमाणपत्राचा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया त्यातच येतो), केंद्राच्या नियमाप्रमाणे आठ वर्षांनंतर दाखला मिळतो, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासतात, आणि दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मागता येतात. आईची भीती सरळ होती, उद्या लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर? मी काही तिला हे खोटं आहे म्हटलं नाही, आपल्या समाजात असं होतं. एवढंच म्हटलं की दाखला कपाटात ठेवायचा की दाखवायचा हे तुमच्या हातात, पण दहावीला वेळ कमी पडून पेपर अर्धा सुटला तर तो मार्कशीटवर सगळ्यांना दिसतो. त्यांनी सहावीपर्यंत थांबायचं ठरवलंय. मला ते चालतं, शाळेने लेखी न मागता तिला वर्गात जास्त वेळ द्यायला सुरुवात केलीय आणि रोजची वीस मिनिटं चालू आहेत.

पुढच्या वर्षी तीच टीम दुसऱ्या फेरीला आली. या वेळी आईने कागद पूर्ण वाचला, रिझल्ट शाळेकडे न देता आमच्याच हातात द्या असं खाली पेनने लिहून मग सही केली. गार्गीला विचारलं तर तिने आधी ताईंना विचारलं घड्याळ लावणार का, हो म्हटल्यावर घड्याळवाली टेस्ट नको म्हणाली आणि बाकीच्या सगळ्या दिल्या.