विंडोज तसंच ठेवून लॅपटॉपवर उबुंटू टाकता येईल का? डेटा उडेल का?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे, लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, ५१२ जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम. कॉलेजात लिनक्स (उबुंटू हा त्याचाच एक प्रकार) लागणार आहे, पण मित्र म्हणतो की दोन सिस्टिम टाकल्या की लॅपटॉप स्लो होतो आणि डेटा उडतो.

स्लो होत नाही. एका वेळी एकच सिस्टिम चालते, दुसरी डिस्कवर नुसती पडून असते. वाटणी होते ती जागेची, रॅमची नाही. डेटा मात्र खरंच उडू शकतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: काही तयारी न करता थेट पेनड्राइव्ह लावलेला असतो. म्हणून इन्स्टॉलेशनपेक्षा त्याच्या आधीच्या तासाभराबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

माझं काम छपाईचं. दिवाळी अंकांचा जुना मजकूर अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत येतो, त्यासाठी विंडोज ठेवावंच लागतं. बाकी सगळं मी गेली कित्येक वर्षं उबुंटूवर करतो. एकाच मशीनवर दोन्ही अगदी सुखाने नांदतात.

सगळ्यात आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकायला बसलो होतो. बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी तपासणी, बंद केलं, मशीन परत चालू केलं, आणि समोर निळा स्क्रीन: रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे. अशी काही किल्ली असते हेच तिला माहीत नव्हतं, आणि हात लावण्याआधी मीही विचारलं नव्हतं. आत तिचा एम.एस्सी.चा अख्खा प्रोजेक्ट. किल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते म्हणून शोधायला गेलो, तर कळलं की लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने स्वतःचाच ईमेल टाकून तो सुरू करून दिला होता. तो गावाला गेलेला. दोन दिवसांनी त्याचा फोन लागला. तो आकडे वाचत होता, ती वहीत सहा-सहाचे आठ गट करून लिहून घेत होती आणि प्रत्येक गट त्याला परत वाचून दाखवत होती. प्रोजेक्ट वाचला, पण ते दोन दिवस तिच्या तोंडाला चव नव्हती. त्यात चूक माझी होती, म्हणून तुम्हाला हे इतकं कळकळीने सांगतोय.

तर आजच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन (हे बिटलॉकरच) चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपांवर बहुधा ते आपोआप चालू झालेलं असतं. अकाउंट तुमच्याच ईमेलचं आहे ना, याची खात्री करा, किल्ली कागदावर उतरवा आणि मगच एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. एन्क्रिप्शन चालू राहिलं तर उबुंटूचा इन्स्टॉलर विंडोजच्या शेजारी बसायला सहसा तयारच होत नाही.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. त्याच एसएसडीवरच्या डी ड्राइव्हमध्ये कॉपी केलं, तर तो बॅकअप नव्हे.

मग फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचं बटण दाबल्यावर काय व्हावं ते ठरवतो तिथे ही खूण असते, ती काढा. ती असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं आणि ड्राइव्ह आपल्याच ताब्यात ठेवतं. अशा वेळी उबुंटूतून त्या ड्राइव्हवर काही लिहायला गेलात की ते नकार देतं. ते बरोबरच करतं, कारण झोपलेल्या विंडोजच्या पाठीमागे फाइली बदलल्या तर त्या खराब होतात.

जागा विंडोजमधूनच मोकळी करा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तिथे आकडा एमबीत मागतात, १०० जीबीसाठी १०२४०० लिहा. उबुंटूला २५ जीबीही पुरतात म्हणतात, पण कंपायलर, डॉकर, प्रोजेक्ट असं सगळं आलं की ते पंधरा दिवसांत भरतात. मोकळ्या झालेल्या जागेवर काळी पट्टी दिसेल आणि अनअलोकेटेड लिहिलेलं असेल. तिला तसंच राहू द्या. फॉरमॅट करू नका, नवं ड्राइव्हही बनवू नका.

आता पेनड्राइव्ह. ८ जीबीचा चालतो. उबुंटू २४.०४ घ्या, ती एप्रिल २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. रूफस या प्रोग्रॅमने उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवताना पार्टिशन स्कीम (डिस्कच्या भागांची मांडणी) जीपीटी ठेवा. लॅपटॉप चालू होताना एफ १२ दाबलं की कुठून सुरू व्हायचं ते विचारतो. एचपीवर सहसा एफ ९ असतं, आसुसवर एस्केप. सिक्युअर बूट चालूच राहू द्या, उबुंटू त्याच्यासह चालतं. मी तेव्हा ते विनाकारण बंद केलं होतं.

लगेच इन्स्टॉल करू नका. आधी ट्राय उबुंटू घ्या आणि अर्धा तास वापरून बघा: वायफाय लागतंय का, टचपॅड, आवाज, ब्राइटनेस. यात तुमच्या डिस्कला काही होत नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बहुधा बायॉसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू असतं. ते बदलून एएचसीआय ही साधी पद्धत करावी लागते, पण थेट केलंत तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग या टूलच्या बूट टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा, मग बायॉसमध्ये बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि ती खूण काढून टाका.

इन्स्टॉल करताना एक पडदा येतो: विंडोजच्या शेजारी, डिस्क पुसून, किंवा मॅन्युअल. डिस्क पुसून म्हणजे विंडोजसकट सगळं पुसून. इथे घाई करू नका, प्रत्येक ओळ दोनदा वाचा. मी मॅन्युअल घेतो आणि ती मोकळी जागा निवडून तिथे एक्स्ट ४ या लिनक्सच्या फॉरमॅटचं एकच पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करतो, माउंट पॉइंट, म्हणजे ते कुठे जोडायचं ती जागा, नुसती तिरकी रेघ (/). विंडोजचं ईएफआय पार्टिशन, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा छोटा भाग, उबुंटूही वापरतं. दोघांचे फोल्डर तिथे वेगवेगळे राहतात. ते फॉरमॅट होणार नाही ना, एवढं पाहा.

पुढच्या वेळी मशीन चालू केलं की ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू येईल. त्यात विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका, ते गेलेलं नसतं. ग्रबच्या २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून अपडेट-ग्रब चालवलं की विंडोज यादीत येतं.

एक गंमत मात्र नक्की दिसेल. उबुंटूतून विंडोजमध्ये गेलात की रात्री साडेनऊला घड्याळ दुपारचे चार दाखवेल. मशीनच्या आतलं घड्याळ उबुंटू ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपला फरक बरोबर साडेपाच तासांचा. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने सेट-लोकल-आरटीसीला १ दिलं की दोघांचं जुळतं.

विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर ग्रब न येता थेट विंडोज सुरू झालं, तर बायॉसच्या बूट ऑर्डरमध्ये उबुंटू परत वर न्या. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने तर अनेकांचं लिनक्स सिक्युअर बूटखाली सुरूच होईना, ते मायक्रोसॉफ्टनेही मान्य केलं होतं. म्हणून तो पेनड्राइव्ह पुसू नका, ड्रॉवरमध्ये ठेवा.

आणि कॉलेजात फक्त टर्मिनल आणि सी प्रोग्रॅमिंगच असेल, तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलवरही भागतं, डिस्कला हातच लावावा लागत नाही. व्हर्च्युअल मशीन (विंडोज चालू असतानाच त्याच्या आत चालणारा दुसरा संगणक) मात्र ८ जीबी रॅमवर मी सुचवणार नाही, तिथे दोघांना रॅम वाटून घ्यावी लागते. सरांना नेमकं काय लागणार ते विचारा. लॅपटॉपचं मॉडेल आणि प्रोसेसर खाली लिहिलंत तर आरएसटीची अडचण तुम्हाला येऊ शकते का, ते बघून सांगतो.