‘सोयरा’ सोयीतून आलेली नाही

कऱ्हाडहून विचारणा आहे: मुलीचे नाव ‘सोयरा’ ठेवायचे आहे, अर्थ काय, नाव पुरुषी वाटते का, आणि हल्ली कुणी ठेवते का? सोबत दोन अर्थही पाठवले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांचा ‘सोय जाणे तो सोयरा’, आणि नावांच्या कुठल्याशा यादीतला ‘चमकता तारा’.

यादीवाल्याने सोयरा आणि सुरैया एकत्र कालवले आहेत. सुरैया अरबी, कृत्तिकांच्या पुंजक्याचे नाव. विषय संपला.

वडीलधाऱ्यांच्या म्हणीचा मात्र वैताग येतो, कारण लग्नाच्या बैठकीत सुपारी फुटायच्या आधी कुणीतरी ती व्युत्पत्ती म्हणून ऐकवतोच. म्हण झकास आहे, पण ती कोटी आहे. हसरा, लाजरा, बुजरा यांतला ‘रा’ धातूला लागतो: हसणे, लाजणे, बुजणे. ‘सोयणे’ असे क्रियापद कुणी वापरताना आढळले तर मी म्हणीपुढे हात टेकीन.

मूळ शब्द सोदर. स अधिक उदर, एकाच पोटातून आलेला, म्हणजे सख्खा भाऊ. सहोदर हा त्याचाच जोडीदार, आणि ‘सोदर्य’ पाणिनीलाही ठाऊक आहे. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात गळतो. पादाचा पाय झाला, खदिराचा खैर, बदराचे बोर, कदलीची केळ. तसाच सोदराचा सोअर, मधल्या फटीत ‘य’ शिरून सोयर, आणि शेवटी मराठीचा पुल्लिंगी ‘आ’ लागून सोयरा.

म्हणजे गंमत बघा, सख्ख्या भावाचा शब्द व्याह्याच्या घरी नांदायला गेला! माझ्या मते हे टप्प्याटप्प्याने झाले. आधी सोयरा म्हणजे कोणताही आप्त. तुकोबांचे ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ याच अर्थाचे. झाडाशी कुणी सोयरीक जमवत नाही. पण रक्ताच्या बाजूला सगा आणि भाऊबंद आधीच ठाण मांडून होते, तेव्हा सोयऱ्याला लग्नाच्या बाजूला सरकावे लागले. जानेवारी २०२४ च्या सरकारी मसुद्यात ‘सगेसोयरे’ची व्याख्या करताना सजातीय विवाहातून जुळलेली नातीच पुढे आली, ती यामुळेच.

सोयरसुतकातला ‘सोयर’ इथे ओढून नाव अशुभ ठरवणारेही भेटतात. सोयर जन्माचे, सुतक मरणाचे. तेव्हा अशुभ काढायचेच तर निम्म्या शब्दातून काढा.

या नावाच्या दोन बायका इतिहासात ठळक आहेत. चौदाव्या शतकातली संत सोयराबाई, चोखोबांची पत्नी. तिचा भाऊ बंका, आणि बंकाची बायको निर्मळा ही चोखोबांची बहीण. दुसरी शिवछत्रपतींची राणी सोयराबाई, तळबीडच्या मोहित्यांची. म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या शेजारची, वसंतगडाच्या पायथ्याची. तिचा भाऊ हंबीरराव, आणि हंबीररावांची मुलगी ताराबाई तिचीच सून झाली. दोन्हीकडे सोयरीक दुहेरी! यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता ‘पुरुषी’चे. सामान्यनामात सोयरा, सोयरी, सोयरे अशी तीन लिंगे चालतात, मग बाईचे नाव सोयरी का नाही? उत्तर ‘बाई’त आहे. राधाबाई, गंगाबाई या साच्यात जे पडेल त्याचा शेवट पुष्कळदा ‘आ’ होतो. तुळशीची तुळसाबाई झाली, हिरा पुल्लिंगी असून हिराबाई शोभली, आणि पुतळीची पुतळाबाई झाली. (ही पुतळी मला मूर्तीपेक्षा गळ्यातल्या माळेच्या सोन्याच्या नाण्याची वाटते. असो.) आज ‘बाई’ गळते, नुसते सोयरा उरते आणि कानाला पुरुषी लागते. दोष नावाचा नाही, कापलेल्या शेपटाचा आहे.

मात्र विभक्ती सांभाळा. मुलीसाठी सोयराला, सोयराचा, सोयराने. ‘सोयऱ्याला बोलाव’ म्हटलेत की दारात व्याही उभा.

लोकप्रियतेचे विचाराल तर सई आणि जिजा परत आल्या, सोयरा आली नाही. १६८० मध्ये महाराजांच्या निधनानंतर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्याच्या खटपटीत राणीचे नाव आले, सख्ख्या भावाने संभाजीराजांची बाजू घेतली, आणि पुढे नाटकवाल्यांनी तिची कायमची सावत्र आई करून टाकली. संत सोयराबाई कुणाला आठवतच नाही.

जन्मनोंदणीत नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. फक्त रोमन लिपीत लिहिताना ‘वाय’नंतर लगेच ‘आर’ लिहा. मध्ये ‘ए’ घुसला की पहिल्याच हजेरीला शाळेत ‘सोयारा’ होईल.