मोर्चा संपल्यानंतरचं काम

प्रिय,

आझाद मैदानावरून परतल्यावर लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. इतकी माणसं आली, निवेदन दिलं, आणि कोर्टात पुन्हा तारीखच पडली. ‘मग या सगळ्याचा उपयोग काय?’ असं तू विचारतेस. उत्तरासाठी तुला एक जुना खटला सांगते.

२६ मार्च १९७२. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला, आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा आशय. खटला तिच्या नावानेच ओळखला जातो. ते नाव मी इथे लिहीत नाही.

पुढचं वर्षभर कुठे फारसा आवाज उठला नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात संताप होता, पण तो निकालातल्या नेमक्या वाक्यांवर बोट ठेवून मांडलेला. धाकाने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. १९८० मध्ये मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला आणि ८ मार्चला अनेक शहरांत बाया रस्त्यावर उतरल्या. त्या मोर्च्यांच्या हातात वाद घालायला एक नेमका मुद्दा होता. तुमच्या फलकांवर मला तोच सापडला नाही. ‘न्याय द्या’ असं म्हटलं की मंत्री ‘नक्की देऊ’ म्हणतो आणि गाडीत बसतो.

निकाल बदलला नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच. त्या मुलीच्या पदरात काही पडलं नाही, आणि ही गोष्ट विजयकथा म्हणून कुणी सांगू लागलं तर त्याला हे आधी ऐकव.

कायदा मात्र हलला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, असं ठरलं. पीडितेची ओळख छापायला बंदी आली. तरीही तिचं चारित्र्य उगाळण्याची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम जायला २००२ उजाडलं. आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही, हे वाक्य कायद्यात आलं २०१३ मध्ये. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराविरुद्धच्या आंदोलनानंतर सरकारने कायद्यातले बदल सुचवायला नेमलेल्या न्या. वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला, त्यामागोमाग. नवऱ्याने केलेला बलात्कारही गुन्हा ठरवावा, ही त्याच समितीची शिफारस सरकारने बाजूला ठेवली.

त्या चार प्राध्यापकांच्या पत्रातला मुद्दा कलमात यायला चौतीस वर्षं लागली. तुला घाबरवायला हे सांगत नाही. चौतीस वर्षं तो मुद्दा कुणीतरी धरून ठेवला होता, बैठकांत, आयोगांपुढे, संसदीय समित्यांपुढे, बहुतेक वेळा कॅमेऱ्यांशिवाय. मला वाटतं, तुझ्यासारखीची खरी गरज तिथे आहे. मोर्चाला माणसं मिळतात. मसुदा विधेयकावर हरकती मागवल्या की मुदतीत लिहून देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

म्हणून आधी तुमच्या खटल्यातला आदेश पूर्ण वाच, बातमीतला सारांश नको. ज्या वाक्यावर सगळं अडलंय ते शोध. कुठलं कलम, त्यात कोणता शब्द बदलायला हवा आणि तो अधिकार कुणाचा, कोर्टाचा, विधिमंडळाचा की संसदेचा, हे ठरल्याशिवाय पुढच्या मोर्चाची तारीख जाहीर करू नका. आणि ज्या कुटुंबासाठी लढताय त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो फलकावर लावू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही.

आदेशाची प्रत आणि तुमच्या नव्या निवेदनाचा कच्चा मसुदा मला पाठव. दोन पानांत बसव.

तुझी,
ताई