वेताळ टेकडीवर तारेच्या कुंपणावर चढलेला काळपट जांभळ्या फुलांचा वेल कोणता? रानमूग का?

रानमूग नाही, त्याचं फूल पिवळं असतं. तुमच्या वर्णनावरून हा सिरॅट्रो वाटतो. शास्त्रीय नाव मॅक्रोप्टिलियम अ‍ॅट्रोपर्प्युरियम. मूळचा अमेरिका खंडातला, चाऱ्यासाठी देशोदेशी नेला आणि रानात सुटला.

खात्री पानावरून करा. पान त्रिदल, पण बाजूच्या दोन पर्णिकांना बाहेरच्या अंगालाच खाच, जणू कुणी एका बाजूने चावा घेतलाय. उलटून पाहिलंत तर रुपेरी लव दिसेल. फुलं लांब दांड्याच्या टोकाशी, रंग थेट वांग्याच्या सालीचा. शेंग सरळ, पेन्सिलीहून बारीक, ५ ते १० सेंटीमीटर. वाळली की तडकते, पिळा पडतो, बिया लांब उडतात. मी एक शेंग टेबलावर ठेवली होती. दुपारी बिया थेट चहाच्या कपात!